पहिल्या बादलीचा हिशेब
(रिसर्च प्रपोजल लिहिणाऱ्यांसाठी)

आधी एक कबुली देतो. माझं सगळं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं, त्यामुळे मराठी विभागात लेख देणार म्हटल्यावर माझा रूम पार्टनर पोटभर हसला. या लेखातल्या वेलांट्या त्यानेच तपासल्या आहेत. विषय मात्र माझ्या हक्काचा आहे, कारण आमच्या चौघांच्या ग्रुपचं प्रपोजल दोनदा परत आलं आणि तिसऱ्यांदा पास झालं. थर्ड इयरला ते सगळ्यांनाच द्यावं लागतं, पण कसं लिहायचं हे कोणी सांगत नाही. सिनिअर जुनी फाईल देतात, आपण नावं बदलून झेरॉक्स काढतो, संपलं.

आमचा विषय हॉस्टेलचाच होता. गच्चीवरच्या सोलरचं गरम पाणी दुसऱ्या मजल्यावर टोकाच्या बाथरूमपर्यंत यायला इतका वेळ लागतो की नळ सोडून दात घासून होतात. ऑगस्टमध्ये पाणी वाया घालवणाऱ्यांना दंडाची नोटीस लागली आणि दोनच दिवसांत फर्स्ट इयरचा एक मुलगा पहाटे नळ सोडून उभा असताना सापडला. बिचाऱ्याने दंड भरला. तो पाणी वाया घालवत नव्हता, गरम पाण्याची वाट बघत होता. हे आम्ही सगळेच सांगत होतो, पण आमच्याकडे आकडा एकही नव्हता.

पहिल्या प्रपोजलचं शीर्षक ऐका: ‘वसतिगृहातील सौरऊर्जा व जलव्यवस्थापनाचा सर्वंकष अभ्यास’. सुरुवातीची दोन पानं ग्लोबल वॉर्मिंगवर, अर्थात नेटवरून उचललेली. बजेट ४२,००० रुपये, त्यात फ्लो मीटर आणि डेटा लॉगर. ते कुठे बसवणार, हे आम्हालाही माहीत नव्हतं. गाईड सरांनी सगळं वाचलं आणि वर पेन्सिलने एवढंच लिहिलं, “प्रश्न कुठे आहे?”

मला राग आला. अकरा पानांत यांना प्रश्न दिसत नाही? रात्री परत वाचलं तर खरंच नव्हता. ‘अभ्यास करणे’ हा प्रश्न नसतो. अभ्यास कधी संपला हे कळण्याची त्यात सोयच नसते.

सरांनी मग आम्हाला जॉर्ज हाइलमायर यांच्याबद्दल सांगितलं. लिक्विड क्रिस्टल डिस्प्लेच्या सुरुवातीच्या कामातलं हे मोठं नाव. १९७५ ते १९७७ या काळात ते अमेरिकेच्या ‘डार्पा’ या संरक्षण संशोधन संस्थेचे संचालक होते. पैसे मागायला येणाऱ्या शास्त्रज्ञांसाठी त्यांनी काही साधे प्रश्न ठरवले होते. तुम्हाला काय करायचंय ते जड शब्द न वापरता सांगा. आज ते कसं करतात आणि कुठे अडतं? तुमच्यात नवीन काय? झालं तर फरक कोणाला पडेल? धोके कोणते, पैसे किती, दिवस किती? आणि काम बरोबर चाललंय हे मध्येच कसं कळणार? मी ही उत्तरं आधी इंग्लिशमध्ये लिहिली. झकास वाटली. मग पार्टनरला मराठीत सांगायला गेलो आणि दुसऱ्याच वाक्याला अडकलो. ‘ऑप्टिमायझेशन’ म्हणजे नक्की काय करणार, हे मला सांगता येईना. तेव्हापासून मी प्रत्येक परिच्छेद आधी मराठीत बोलून बघतो. कॉन्व्हेंटवाल्यांनो, करून बघा, फार लाज वाटते पण उपयोग होतो.

दुसऱ्या खेपेला प्रश्न होता: पाईपला इन्सुलेशन लावलं तर पाणी वाचेल का? सर म्हणाले, “वाचेल असंच तुम्ही धरून चाललाय. उत्तर ‘नाही’ आलं तर तुम्हाला काय दिसेल?” आम्ही गप्प. “आधी एक सकाळ मोजून या,” म्हणाले.

खरं तर इथूनच प्रपोजल सुरू झालं. कागदावर हिशेब सोपा होता. टाकीपासून टोकाच्या नळापर्यंत पाईप ४२ मीटर. तो एक इंची, म्हणून आतला व्यास २५ मिलिमीटर धरला. मीटरमागे जवळपास अर्धा लिटर पाणी बसतं, म्हणजे रात्रभर गार झालेलं साधारण २१ लिटर पाणी वाहून गेलं की मागून गरम येणार. पहाटे साडेपाचला बादल्या, थर्मामीटर आणि मोबाईलचं घड्याळ घेऊन बसलो. पाणी ४० अंशांवर येईपर्यंत ३८ लिटर भरलं! दुसऱ्या दिवशी ४१.

हिशेब जवळजवळ दुप्पट चुकला होता. आधी प्लंबरकाकांना विचारलं. ते हसले आणि पाईपचा एक तुकडा हातात दिला. एक इंच हे नुसतं नाव, आतून मोजला तर २७ मिलिमीटर भरला. झाले २४ लिटर. मग लक्षात आलं की लोखंडी पाईपही गार असतो आणि तोही तापावा लागतो. एका मीटरला सुमारे अडीच किलो लोखंड येतं. त्याची विशिष्ट उष्णता पाण्याच्या जेमतेम नवव्या हिश्शाएवढी, तरी हिशेबात आणखी बाराएक लिटर वाढतात. उरलेली गळती बहुतेक गच्चीवरच्या उघड्या पाईपमधून, तिथलं जुनं इन्सुलेशन उन्हाने फाटून गेलंय.

आणि मग जे सुचलं त्याने आमचं आवडतं उत्तरच उलटं झालं. इन्सुलेशन पाणी तापवत नाही, फक्त थंड होणं लांबवतं. रात्रभरात पाईप तसाही गार होणार. म्हणजे पहाटे पहिला उठणाऱ्याची बादली फारशी वाचणार नाही! वाचेल ती अर्ध्या तासाने येणाऱ्याची. तिसऱ्या प्रपोजलमध्ये हेच गृहीतक लिहिलं: पहिल्या वापरात फरक अगदी थोडा, ३० मिनिटांच्या खंडानंतरच्या वापरात मोठा. दोन्हींत फरक पडला नाही तर आम्ही चुकलो. एवढं स्पष्ट लिहायला हात थोडा थरथरतो, पण सरांनी पहिल्यांदा मान हलवली ती याच ओळीवर.

पद्धत ठरवताना माझा पार्टनर, जो कॉमर्सचा आहे, एक बरोबर बोलला: “आधी सात दिवस मोजणार, मग इन्सुलेशन लावून सात दिवस. मधेच थंडी वाढली तर?” म्हणून दुसऱ्या विंगची लाईन तशीच ठेवून तीही रोज मोजायची ठरली. शिवाय प्रत्येक वेळी टाकीतल्या पाण्याचं तापमान लिहायचं, कारण ढगाळ दिवसानंतर टाकीच कोमट असते. फ्लो मीटर रद्द केला, खुणा केलेली बादली पुरते. तापमानासाठी डीएस१८बी२० सेन्सर घेतले, ते अर्ध्या अंशाच्या आत बरोबर असतात आणि आपल्याला एवढं खूप झालं. बजेट आलं ६,५००, मंजूर झाले ४,०००. उरलेल्यात गच्चीवरचाच पाईप गुंडाळायचा, आतला नाही. त्यामुळे प्रश्नही गच्चीपुरता करून घ्यावा लागला, आणि तो बदल आम्ही शीर्षकातही केला.

बाकी फॉरमॅट, मार्जिन, सह्या वगैरे ऑफिसच्या नोटीस बोर्डावर आहे. वेळापत्रकात मात्र सबमिशनचे दिवस वगळायला विसरू नका. आम्ही विसरलो होतो. आणि ज्याचा पाईप आहे त्याची परवानगी आधीच घ्या. आम्ही रेक्टर सरांकडे त्या दोन पहाटेंचे आकडे घेऊन गेलो होतो. त्यांनी कागद दोनदा वाचला, “चाळीस लिटर?” एवढंच म्हणाले आणि सही केली. दंडाची नोटीस अजून लागलेली आहे. मोजणी पूर्ण झाल्यावर पुन्हा जाणार आहोत, या वेळी त्या फर्स्ट इयरच्या मुलाला सोबत घेऊन.

तोपर्यंत दुसऱ्या मजल्यावरच्यांना एक विनंती. जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यापासून १४ दिवस टोकाच्या बाथरूममध्ये पांढरी बादली आणि पहाटे पेंगणारा एक मुलगा दिसेल. साडेपाचच्या आधी तो नळ सोडू नका. बादलीही हलवू नका, तिच्यावरच्या खुणा काढायला आख्खा रविवार गेलाय.