फायटर माशाचे आजारपण : ओळख आणि उपाय

महोत्सवी स्मरणिकेत माशाच्या आजारावर लेख पाहून काही वडीलधाऱ्या मंडळींना नवल वाटेल, काहींना हसूही येईल. परंतु आपल्यापैकी कित्येकांच्या घरी मुलांच्या हट्टापायी हा रंगीत पाहुणा येऊन राहिला आहे, आणि तो आजारी पडला म्हणजे काय करावे हे न उमजल्याने घरातील लहानथोर कासावीस होतात. आमच्या इंदूरच्या घरी असे दोन मासे राहिले. पहिला आमच्या अज्ञानाने गेला. दुसरा वेळीच लक्ष गेल्यामुळे वाचला. त्या दोघांपासून आम्ही जे शिकलो ते येथे क्रमाने सांगतो.

बाजारात ज्याला ‘फायटर’ म्हणतात त्याचे शास्त्रीय नाव बेट्टा स्प्लेंडेन्स. हे नाव १९१० साली रीगन या ब्रिटिश मत्स्यशास्त्रज्ञाने दिले. मासा मूळचा थायलंडकडचा. तेथील भातखाचरांत आणि उथळ पाणथळींत तो राहतो. २०१९ साली त्या देशाने त्याला आपला राष्ट्रीय जलचर ठरविले. कल्ल्यांखेरीज त्याच्या डोक्यात चक्रव्यूहासारखा एक अवयव असतो, त्यामुळे तो पृष्ठभागावर येऊन हवाही घेऊ शकतो. यावरूनच ‘याला बरणी पुरते’ असा गैरसमज पसरला. श्वास वरून मिळाला तरी राहायचे पाण्यातच, हे आपण विसरतो. त्याला निदान वीस लिटर पाण्याची, झाकण असलेली काचपेटी हवी आणि पाणी २५ ते २८ अंश सेल्सिअस हवे. आमच्याकडे हिवाळ्याच्या रात्री पारा दहा अंशांच्या आसपास उतरतो. अशा वेळी हीटर नसेल तर मासा गारठतो, खात नाही आणि रोगाला सहज बळी पडतो.

आधी निरोगी मासा ओळखावा

आजार ओळखायचा तर निरोगी मासा कसा वागतो हे आधी ठाऊक हवे. तो मधूनमधून वर येऊन हवेचा घोट घेतो, हे स्वाभाविक आहे; परंतु सतत वरच राहून धापा टाकू लागला तर ते दुखणे समजावे. तो पानावर पडून झोप घेतो, हेही स्वाभाविक. परंतु अन्न टाकले तरी उठत नसेल तर काळजी करावी. नराने पृष्ठभागावर बुडबुड्यांचे घरटे बांधले म्हणजे प्रकृती उत्तम, असे पुष्कळ लोक मानतात. ती केवळ विणीची तयारी होय, प्रकृतीचे प्रमाणपत्र नव्हे. रोज अन्न देताना पाच गोष्टी पाहाव्यात : भूक, पोहणे, पर, अंगाचा रंग आणि श्वास. या पाहणीला दोन मिनिटे पुरतात.

पहिले औषध पाणी

माशाच्या श्वसनातून व विष्ठेतून, तसेच उरलेल्या अन्नातून अमोनिया तयार होतो. हे विष दिसत नाही. पाणी काचेसारखे स्वच्छ दिसत असतानाही ते असू शकते. फिल्टरच्या स्पंजात वाढणारे उपकारक जंतू अमोनियाचे नायट्राइट आणि नायट्राइटचे त्यामानाने सौम्य असे नायट्रेट करतात. नव्या पेटीत हे जंतू रुजायला काही आठवडे लागतात. स्पंज नळाखाली खळखळून धुतला तर क्लोरीनने ते मरतात. म्हणून तो पेटीतून काढलेल्या पाण्यातच हलके पिळावा.

यास्तव मासा मलूल दिसताच औषधाची बाटली शोधण्याआधी पाणी तपासावे. त्याचे संच मिळतात. अमोनिया व नायट्राइट दोन्ही शून्य हवेत. नसतील तर पाव ते अर्धे पाणी बदलावे. नवे पाणी त्याच तापमानाचे आणि क्लोरीन काढलेले असावे. नळाचे पाणी चोवीस तास उघडे ठेवल्यास क्लोरीन उडून जातो. पण पाण्यात क्लोरामाइन असेल तर ते तसे जात नाही, त्यासाठी दुकानात मिळणारे क्लोरीननाशक द्रावण घालावे. पुष्कळ दुखणी एवढ्यानेच मागे हटतात.

नेहमीचे रोग

पर झडणे : परांच्या कडा काळपट किंवा तांबूस होऊन हळूहळू झिजतात. कारण बहुधा अस्वच्छ पाणी. एका रात्रीत मोठा तुकडा गेला असेल तर मात्र माशाने स्वतःच शेपूट चावली असेल किंवा ती कोठे तरी अडकून फाटली असेल. बरे होताना कडेला पातळ, पारदर्शक पापुद्रा फुटतो. तो शुभसूचक समजावा.

पांढरे ठिपके, म्हणजे ‘इक’ : अंगावर मीठ भुरभुरल्यासारखे सुटे, टपोरे दाणे दिसतात आणि मासा वस्तूंना अंग घासतो. हा परजीवी कातडीखाली असताना औषध त्याला पोचत नाही. तो गळून तळाशी विभागला आणि पिल्ले पाण्यात पोहू लागली म्हणजेच तो मरतो. म्हणून ठिपके गेल्यावरही काही दिवस उपचार चालू ठेवावा. तापमान सावकाश ३० अंशांपर्यंत वाढविल्यास त्याचे चक्र वेगाने पुरे होते व औषधाला लवकर वाव मिळतो.

मखमली रोग : अंगावर सोनेरी धूळ बसल्यासारखी दिसते. अंधारात विजेरीचा झोत तिरपा टाकल्यास ती चटकन ओळखू येते. पेटी झाकून अंधार करावा आणि त्या रोगाचे औषध द्यावे.

कापशी रोग : तोंडावर किंवा पाठीवर राखट पांढरा पट्टा किंवा कापसासारखा थर दिसतो. ही बुरशी वाटते. पण पुष्कळदा तो कॉलम्नॅरिस नावाच्या जिवाणूंचा रोग असतो आणि एकदोन दिवसांत प्राण घेतो. उबेने तो अधिकच फोफावतो.

पोट फुगणे : फार खाऊ घातल्याने होते. एकदोन दिवस उपास घालावा. मटार देण्याची वहिवाट आहे, परंतु हा मासा मांसाहारी आहे. त्याला डॅफ्निया अधिक मानवतो.

खवले उभे राहणे : वरून पाहिल्यास मासा चिडाच्या फळासारखा दिसतो. हे आतील अवयव, विशेषतः मूत्रपिंडे, निकामी होत असल्याचे लक्षण होय. यातून फार थोडे मासे वाचतात.

आमची चूक

आमच्या पहिल्या माशाच्या पाठीवर पांढरा डाग दिसला. आम्ही ‘पांढरे’ एवढाच शब्द धरून बसलो, इक समजून पाणी तापविले, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मासा तळाशी निश्चल होता. तो सुटा दाणा नव्हता, पसरलेला थर होता. उष्णता एका रोगात मदत करते, दुसऱ्यात घात. हा भेद आम्हाला त्याच्या प्राणाचे मोल देऊन कळला. नातीने तेव्हा एकच विचारले, “आजोबा, आपण त्याला नीट पाहिलं नव्हतं का?” या प्रश्नाचे उत्तर आमच्यापाशी नव्हते.

दुसरा मासा आला तेव्हा तिने वहीच घातली. रोज तारीख, तापमान, खाल्लेले दाणे. एके दिवशी ती म्हणाली, “आजोबा, कालपासून याची शेपटी काळी दिसते हो.” पाणी तपासले, अमोनिया निघाला. आदल्या आठवड्यात घरच्याच कोणी तरी स्पंज नळाखाली धुतला होता. आम्ही रोज पाव पाणी बदलले, दाणे कमी केले, दुसरे कोणतेही औषध घातले नाही. तीन आठवड्यांत पारदर्शक कड फुटली.

उपचाराचा क्रम

प्रथम पाहावे, मग पाणी तपासावे, मग रोग ठरवावा आणि शेवटी औषध द्यावे. शक्य तर आजारी मासा पाचदहा लिटरच्या साध्या भांड्यात, पण हीटरसह, वेगळा ठेवावा. साधे मीठ लिटरमागे एक ते दोन ग्रॅम, आधी पाण्यात विरघळवून, थोडे थोडे घालावे. आठदहा दिवसांहून अधिक ठेवू नये. औषध चालू असताना फिल्टरमधील कोळसा काढावा, नाही तर तो औषधच शोषून घेतो. दोन औषधे एकत्र करू नयेत. प्रतिजैविके पशुवैद्याच्या सल्ल्यावाचून घालू नयेत. जाळी व भांडी वेगळी ठेवावीत आणि हाताला जखम असेल तर पाण्यात हात घालू नये, कारण माशांचा एक जिवाणू माणसाच्या कातडीलाही चिघळणारे व्रण करतो. हात नेहमी साबणाने धुवावेत.

इतके करूनही काही मासे जातील. त्यांचे आयुष्यच दोनचार वर्षांचे असते. जेव्हा वेदना स्पष्ट दिसते आणि आशा उरत नाही, तेव्हा पशुवैद्यास विचारून त्याला शांतपणे जाऊ देणे हीही दया होय. जिवंत मासा गटारात किंवा संडासात सोडणे ही नव्हे.

मुक्या जिवाला आपले दुखणे सांगता येत नाही. ते आपण पाहायचे असते. ज्यांच्या घरी हा पाहुणा आहे त्यांनी एक छोटी वही आजच मुलांच्या हाती द्यावी, एवढीच विनंती.