पिंजऱ्यासाठी खाडी कशी निवडावी?

प्रश्न : मालवणच्या मित्रासोबत भागीदारीत खाडीत जिताड्याचे पिंजरे लावायचे आहेत. जागा कशी ठरवावी?
– एक वाचक, देवगाव रंगारी

उत्तर : विहीर घेताना आपण उन्हाळ्यातलं पाणी बघतो, खाडी मात्र जुलैत बघा. डिसेंबरात सगळ्याच खाड्या निवांत दिसतात. पावसाळ्यात डोंगराचं पाणी उतरलं की खारेपणा झपाट्याने घटतो, गाळ येतो, प्रवाहाने नांगर सरकतात. जिताडा गोड्या पाण्यातही जगतो. कालवं मात्र सतत गोडं पाणी राहिलं तर मरतात. म्हणून काय वाढवायचं ते आधी पक्कं करा, जागा नंतर.

पूर्ण ओहोटीला स्वतः होडीतून जा, दोरीला वजन बांधून खोली मोजा. जाळ्याचा तळ आणि चिखल यांच्यात काही मीटर अंतर हवंच. नाहीतर उरलेलं खाद्य आणि विष्ठा खाली कुजून पाण्यातला प्राणवायू खाते.

होड्यांची वाट आणि रापणीची, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या मोठ्या जाळ्याची, जागा टाळा. गावातल्या मच्छीमारांशी न बोलता टाकलेला पिंजरा टिकत नाही, हे माझं स्पष्ट मत. कांदळवन तोडून जागा करण्याचा विचारही नको.

2005च्या किनारी मत्स्यसंवर्धन कायद्यात 2023च्या दुरुस्तीने पिंजरे, शिंपले, समुद्रशेवाळही आले आहेत. पैसे गुंतवण्याआधी सिंधुदुर्गातल्या मत्स्यव्यवसाय कार्यालयात नोंदणीची चौकशी करा.