उंदीर, वात आणि इतिहासाचा पहिला धडा

प्रश्न : आमची मुलगी तिसरीत आहे. परिसर अभ्यासात जिल्हा, गावाचा कारभार, पूर्वीचं जीवन असं बरंच काही आहे आणि पुढच्या वर्षी शिवछत्रपतींचा इतिहास येईल. पण तिला काळाचं भानच नाही. “शिवाजी महाराज होते तेव्हा पणजी शाळेत जायची का?” असं परवा विचारत होती. माझ्या नणंदेचं म्हणणं असं, की आत्ता वाचन आणि गणित पक्कं करून घ्या. इतिहास-नागरिकशास्त्र हे पाठांतराचे विषय, ते पुढे होतात. मला ते पटत नाही, पण उत्तरही देता येत नाही. शिवाय जातपात, अन्याय असले विषय इतक्या लहान मुलांपुढे काढावेत का?
— एक आई, कराड

उत्तर : तुमच्या मुलीचा प्रश्न मला फार आवडला. महाराज आणि पणजी हे दोघंही ‘आत्ताचे’ नाहीत, आधीचे आहेत, हे तिला कळलेलं आहे. आता त्या दोघांत आधी कोण, नंतर कोण, याची ती जुळवाजुळव करते आहे. इतिहासाचा अभ्यास इथूनच सुरू होतो.

मुलांना काळ कळत नाही, ही समजूत अर्धीच खरी आहे. लिंडा लेव्हस्टिक आणि कीथ बार्टन या अमेरिकी अभ्यासकांनी बालवाडीपासून सहावीपर्यंतच्या मुलांपुढे वेगवेगळ्या काळांतली चित्रं ठेवली आणि ती जुन्याकडून नव्याकडे लावायला सांगितली. हे काम १९९६ साली प्रसिद्ध झालं. अगदी लहान मुलांनीही कपडे, घरं, वाहनं बघून जुनं कोणतं आणि नवं कोणतं हे ओळखलं. तिसरीच्या आधीच्या मुलांना सनांचा मात्र फारसा उपयोग झाला नाही. म्हणजे क्रम आधी येतो, आकडा मागाहून. आपण उलटं करतो. १६३० हा आकडा आधी पाठ करून घेतो आणि मुलांना इतिहास कळत नाही म्हणून हळहळतो.

पणजीच्या प्रश्नाचं उत्तर अंगणात देता येईल. एका पिढीला पंचवीस वर्षं धरा. शिवकाळ साधारण साडेतीनशे वर्षांमागचा, म्हणजे चौदा पिढ्या. गल्लीतली मुलं गोळा करून एका रांगेत उभी करा. पहिली तुमची मुलगी, तिच्यामागे आई, मग आजी, मग पणजी. चौथ्या जागेवर पणजी आली, की तिथून मागे रांग अजून किती लांब जाते ते मुलीला स्वतः चालत जाऊन बघू द्या. ‘साडेतीनशे वर्षं’ हे शब्द तिने शंभरदा ऐकले तरी जे कळणार नाही, ते त्या चालण्यात कळेल.

आता नणंदबाईंच्या मताबद्दल. त्यांची काळजी रास्त आहे, वाचन कच्चं राहिलं तर पुढचं सगळंच अडतं. पण अक्षरओळख झाल्यावर वाचलेलं समजणं हे बऱ्याच अंशी त्या विषयाची माहिती असण्यावर ठरतं. १९८८ साली डॉना रेक्ट आणि लॉरेन लेस्ली यांनी सातवी-आठवीच्या मुलांना बेसबॉलच्या एका डावाचं वर्णन वाचायला दिलं होतं. वाचनात कच्ची पण बेसबॉल जाणणारी मुलं, वाचनात हुशार पण खेळाची माहिती नसलेल्या मुलांच्या पुढे गेली. आपल्याकडे खळं, मळणी, बलुतेदार, वेस, चावडी हे शब्द धड्यात येतात. ज्या मुलाने त्यांतलं काही पाहिलेलं नाही किंवा कुणी समजावून सांगितलेलं नाही, ते धडा खडखडीत वाचतं आणि हाती काही लागत नाही. अमेरिकेतल्या फोर्डहॅम इन्स्टिट्यूटने २०२० साली प्राथमिक वर्गांच्या देशव्यापी आकडेवारीचा अभ्यास केला. समाजविषयांना जास्त वेळ देणाऱ्या वर्गांतली मुलं पुढे वाचनात सरस दिसली. भाषेच्या तासांना दिलेल्या जादा वेळाचा तसा परिणाम दिसला नाही. एका अभ्यासावरून सगळं ठरवू नये, हे मान्य. तरी इतिहास-भूगोलाचा तास कापून तो वाचनाला दिल्याने वाचन सुधारेल, ही खात्री कुणी बाळगू नये. जग जितकं कळत जाईल, तितकं वाचलेलं कळेल.

राहिला पाठांतराचा मुद्दा. हे विषय पाठांतराचे आहेत, हे आपण शिकवतो त्यावरून ठरलेलं आहे. आठ वर्षांच्या मुलीला इतिहासातली एकच सवय लावायची असेल, तर मी निवडेन ती ‘हे कशावरून?’ असं विचारण्याची. बाकी सगळं त्या मागून येतं.

यासाठी महाराजांच्या पत्रांइतकं चांगलं साहित्य दुसरं नाही. १६७३ सालच्या मे महिन्यात त्यांनी चिपळूणजवळच्या छावणीतल्या घोडदळाच्या अधिकाऱ्यांना एक पत्र धाडलं होतं. पावसाळा तोंडावर होता, आणि दाणागोटा नि वैरण मोजकीच होती. पत्रात राजा आपल्या माणसांना बजावतो, की आत्ता उधळपट्टी केलीत तर भर पावसाळ्यात काही उरणार नाही, घोडी मरतील, मग तुम्ही कुणब्यांना त्रास द्यायला जाल आणि ती माणसं गाव सोडून जातील. पुढे तो आगीबद्दल लिहितो. रात्री दिवा तसाच जळत ठेवलात, तर एखादा उंदीर पेटती वात ओढून नेईल, गवताला आग लागेल, आणि मग घोड्यांना खायला काडी उरणार नाही.

हे पत्र मुलीला सोप्या बोलीत सांगा आणि तिला विचारू द्या. एवढा मोठा राजा उंदराचा विचार का करतो? आधी कधी अशी आग लागली असेल का? गवत संपलं तर शेतकऱ्यांना त्रास का होईल? यातल्या काही प्रश्नांची उत्तरं पत्रातच आहेत, काहींची नाहीत. जी नाहीत तिथे ‘आपल्याला माहीत नाही, पण असं असू शकेल’ असं म्हणायला ती शिकेल. हा भेद वयाच्या आठव्या वर्षी कळला, तर पुढे फोनवर फिरणाऱ्या प्रत्येक ‘खऱ्या इतिहासा’पुढे ती थबकून बघेल. अफजलखानाची, आग्ऱ्याहून सुटकेची गोष्ट मुलांना सांगावीच. त्या गोष्टींनी कितीएक पिढ्यांना वेड लावलं आहे. पण त्यांच्या शेजारी हे पत्र असावं. पराक्रम ऐकून मूल भारावतं, पत्र वाचताना ते विचार करायला लागतं, आणि मला दोन्ही हवं आहे.

तुमच्या जिल्ह्यात दुसरंही एक साधन आहे, तेही वाचता न येणाऱ्या मुलालाही वाचता येणारं. वीरगळ! देवळाच्या आवारात, वेशीजवळ हे उभे दगड दिसतात. सर्वांत खालच्या चौकटीत लढाई किंवा गाईगुरांसाठी झालेली चकमक आणि पडलेला वीर. त्याच्या वर अप्सरा त्याला घेऊन चालल्या आहेत. त्याच्या वर तो शिवलिंगाची पूजा करतो आहे. माथ्यावर सूर्य-चंद्र, म्हणजे ते आहेत तोवर याची आठवण राहो. वाई तालुक्यातल्या किकलीला भैरवनाथाच्या देवळाजवळ असे पुष्कळ वीरगळ आहेत. मुंबईत बोरिवलीजवळच्या एक्सरच्या वीरगळांवर तर होड्यांतून झालेली समुद्रावरची लढाई कोरलेली आहे. मुलीला दगडासमोर बसवा आणि खालून वर गोष्ट सांगायला लावा. आपण आधी काही सांगायचं नाही. ती गाई मोजेल, तलवारी मोजेल, ‘याच्या बायकोचं काय झालं?’ असंही विचारील. बहुतेक दगडांवर नाव नाही, मग हा कोण, ते कसं शोधायचं, इथवर ती आपली आपण येईल. एवढीच काळजी घ्या, की चित्र नीट दिसावं म्हणून दगडावर खडू, तेल किंवा रंग लावू देऊ नका.

आपला अभ्यासक्रम घरापासून गाव, गावापासून जिल्हा, मग राज्य असा जवळून लांब जातो. पुराव्यासाठी हा क्रम उपयोगी आहे, कारण जवळचं हाताला लागतं. पण तो कुंपण होऊ नये. कॅनडात काम केलेले शिक्षणविचारवंत किरन एगन यांनी या क्रमावर सडकून टीका केली होती. लहान मुलांना राक्षस, राजे, दूरची जगं सहज भावतात. शूर आणि भेकड, न्याय आणि अन्याय या जोड्या त्यांच्या मनात पक्क्या असतात. मग त्यांना फक्त पोस्टमन आणि दवाखान्याच्या धड्यांत का अडकवायचं, असा त्यांचा सवाल होता. मला तो पटतो. हडप्पाच्या खेळण्यातल्या मातीच्या गाड्या तिसरीतल्या मुलाला आपल्या ग्रामपंचायतीच्या रचनेपेक्षा जवळच्या वाटतील, आणि त्यात काही वावगं नाही.

आता तुमचा शेवटचा आणि सर्वांत अवघड प्रश्न. जातीचा विषय काढावा का? काढावा, असंच माझं ठाम मत आहे. आणि तुम्ही कराडला राहता म्हणून उदाहरणही तिथलंच देते.

साताऱ्यात राहणारा नऊ-दहा वर्षांचा एक मुलगा १९०१ साली उन्हाळ्याच्या सुटीत वडिलांकडे निघाला. वडील खटाव तालुक्यातल्या गोरेगावी खजिनदार होते. दुष्काळात लोकांना काम मिळावं म्हणून सरकारने तिथे तळं खोदायला घेतलं होतं. बरोबर मोठा भाऊ आणि बहिणीची मुलं. सगळ्यांना नवे कपडे, नव्या टोप्या. आगगाडीतून ही पोरं मसूरला उतरली, तुमच्या तालुक्यातल्या त्याच मसूर स्टेशनावर. न्यायला कुणी आलं नव्हतं, कारण त्यांचं पत्र वडिलांना पोचलंच नव्हतं. स्टेशनमास्तरने आपुलकीने चौकशी केली. ही महारांची मुलं आहेत हे कळताच त्याचा चेहरा पालटला. गाडीवान मिळेना. शेवटी एक जण दुप्पट भाड्यावर तयार झाला, तेही मुलांनी स्वतः गाडी हाकायची आणि तो बाजूने चालणार या अटीवर. जवळ शिदोरी होती, पण प्यायला पाणी नाही, म्हणून जेवणही होईना. रात्री टोलनाक्यावर पाणी मागितलं, तिथेही मिळालं नाही. तो मुलगा म्हणजे भीमराव. बाबासाहेबांनी हे सगळं पुढे आपल्या आठवणींत लिहून ठेवलं आहे. एनसीईआरटीच्या सहावीच्या ‘सामाजिक एवं राजनीतिक जीवन’ या पुस्तकातही, विविधता आणि भेदभाव या विषयावरच्या धड्यात, हा प्रवास घेतला होता.

तिसरी-चौथीतल्या मुलांना ही गोष्ट कळते, कारण गोष्टीतला मुलगा त्यांच्याच वयाचा आहे. नकाशा काढून सातारा, मसूर आणि गोरेगाव दाखवा. मग सावकाश प्रश्न येऊ द्या. जवळ पैसे असूनही गाडी का मिळाली नाही? स्टेशनमास्तर, गाडीवान, नाकेदार यांना हा नियम कुणी शिकवला? त्यांच्यातल्या एकाने जरी तो मोडला असता तर काय झालं असतं? समाजशास्त्र म्हणजे हेच प्रश्न, आणि ते विचारायला पदवी लागत नाही.

काही पथ्यं मात्र पाळायलाच हवीत. वर्गात कुणाला जात विचारायची नाही. कुणा मुलाकडे ‘हे तुमच्या लोकांचं’ अशा नजरेने बघायचंसुद्धा नाही. शिवाशिवीचं नाटक बसवून एका मुलाला पाण्यापासून दूर उभं करायचं नाही. ते नाटक त्याच्यापुरतं नाटक राहत नाही. पालकांना आधी विश्वासात घ्यायचं. अमेरिकेत जेरोम ब्रूनर यांच्या पुढाकाराने दहा-अकरा वर्षांच्या मुलांसाठी ‘मॅन : अ कोर्स ऑफ स्टडी’ हा सुंदर अभ्यासक्रम तयार झाला होता. माणूस कशामुळे माणूस होतो, या प्रश्नाभोवती तो रचला होता, आणि त्यात ध्रुवप्रदेशातल्या नेत्सिलिक लोकांच्या जगण्यावरचे चित्रपट होते. १९७५ साली तो थेट अमेरिकी संसदेत वादात सापडला आणि हळूहळू शाळांतून नाहीसा झाला. मुलांनी ते साहित्य पेललं होतं. धास्ती मोठ्यांनी घेतली. घरच्यांशी बोलणं हा अशा शिकवण्याचा भागच आहे.

आणि एक गोष्ट विसरू नये. तुमच्या मुलीच्या वर्गातल्या काही मुलांना हा विषय घरातून, अनुभवातून आधीच ठाऊक असणार. शाळेने गप्प राहायचं ठरवलं, तर ते गप्प राहणं फक्त बाकीच्या मुलांना सोयीचं असतं.

घरी काय करायचं, हेही विचारलंत असं धरून चालते. ११ डिसेंबर १९६७च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला. तुमच्याकडे तो आठवणारी माणसं अजून आहेत. मुलीला दोघांकडे पाठवा, शक्यतो एक बाई आणि एक पुरुष, किंवा एक कराडातला आणि एक पाटणकडचा. दोघांना तेच तीन प्रश्न विचारायचे : तेव्हा तुम्ही कुठे होतात, आधी काय जाणवलं, दुसऱ्या दिवशी काय केलंत. उत्तरं तिने स्वतः लिहायची, चुका दुरुस्त करत बसू नका. एखाद्या आजी त्या ओघात जात्यावरची ओवी म्हणाल्या तर तीही उतरून घ्यायची. हेमा राईरकर आणि गी पॉइत्वाँ यांनी गावोगावच्या बायकांकडून अशा एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या, आणि बायकांच्या आयुष्याबद्दल त्यांत जे आहे ते बखरींत सापडत नाही.

दोघांची उत्तरं जुळणार नाहीत. कुणी म्हणेल आधी आवाज आला, कुणी म्हणेल आधी भांडी पडली. तिथे तुम्ही निवाडा करू नका. दोन्ही शेजारी-शेजारी लिहायला सांगा, आणि दोघांना वेगवेगळं का आठवत असेल, ते तिला विचारा.