आधी तिचं ऐका

तालुक्याच्या गावातल्या महिला समुपदेशन केंद्रात मी बरीच वर्षं काम करते आहे. नवऱ्याच्या मारहाणीपासून बलात्कारापर्यंत सगळ्या तक्रारी आमच्या टेबलासमोर येतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) दिसलं की, शारीरिक किंवा लैंगिक हिंसा सोसलेल्या बायकांपैकी ७७ टक्के जणींनी मदत मागितली नाही आणि कुणापाशी चकार शब्दही काढला नाही. मदत मागणाऱ्या जेमतेम १४ टक्के. म्हणून जी बोलते, तिचं पुढे काय होतं हे माझ्या लेखी सर्वांत महत्त्वाचं. ते बरंचसं तिचं पहिल्यांदा ऐकणाऱ्या माणसावर ठरतं. या कामातून मला जे समजलं, ते इथे मांडते आहे.

१. पहिला प्रश्न जिवाच्या काळजीचा हवा. बाई बोलायला लागली की लोक विचारतात, ‘पण तू काय बोललीस त्याला?’, ‘इतकी वर्षं गप्प का राहिलीस?’ असे प्रश्न ऐकले की ती पुन्हा येत नाही. मी आधी विचारते: आज घरी जायला भीती वाटते का? मुलं कुठे आहेत? जिवे मारायची धमकी दिली का? कधी गळा दाबला का? गळा दाबल्याचं कळलं की बाकीचं बोलणं मागे ठेवायचं आणि आधी दवाखाना गाठायचा. वळ दिसला नाही तरी आत इजा झालेली असू शकते, आणि गळ्यापर्यंत गेलेला हात पुढे जीवही घेऊ शकतो.

२. डॉक्टरांना खरं कारण सांगावं. ‘पाय घसरून पडले’ असं केसपेपरवर एकदा लिहिलं गेलं की विरुद्ध बाजूचा वकील नेमकं तेच वाक्य कोर्टात वाचून दाखवतो. उलट ‘नवऱ्याने काठीने मारले’ ही तारखेसह नोंद असेल, तर तिच्या शब्दाला आधार मिळतो. कित्येक बायका पोलीस ठाण्याची पायरी चढत नाहीत, पण टाके घालायला दवाखान्यात येतातच. हे ओळखूनच मुंबईत वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात २००० मध्ये ‘दिलासा’ केंद्र सुरू झालं. जखमेमागचं कारण विचारणारी परिचारिका आणि शेजारच्या खोलीत समुपदेशक, अशी सोय प्रत्येक उपजिल्हा रुग्णालयात हवी.

३. ‘एनसी’ घेऊन घरी परतू नये. मारहाणीची तक्रार अनेकदा अदखलपात्र (एनसी) म्हणून नोंदवली जाते आणि बाईला वाटतं, केस झाली. एनसीवर पोलीस कोर्टाच्या परवानगीशिवाय तपास करू शकत नाहीत. नवऱ्याची किंवा सासरच्यांची क्रूर वागणूक हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ८५ खाली दखलपात्र गुन्हा आहे. पूर्वी हेच ४९८अ होतं. ‘आमची हद्द नाही’ हे उत्तरही चालत नाही; कुठल्याही ठाण्यात झिरो एफआयआर नोंदवता येतो. जबाब वाचून घ्यावा, चुकलं असेल तर दुरुस्त करायला सांगावं, मगच सही करावी. एफआयआरची प्रत फुकट मिळते. ती घेतल्याशिवाय उठायचं नाही.

४. घरातून तिनेच का निघायचं? रात्री अंगावरच्या कपड्यानिशी बाहेर काढलेल्या कितीतरी जणी मी पाहिल्या. त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं की, कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायदा त्यांना त्या घरात राहण्याचा हक्क देतो. घर सासूच्या किंवा सासऱ्याच्या नावावर असलं तरी ती तिथे नांदली असेल तर हा हक्क सांगता येतो, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये स्पष्ट केलं आहे. गरज पडली तर नवऱ्यालाच घराबाहेर राहण्याचा आदेश मिळू शकतो.

५. प्रत्येकीला नवरा तुरुंगात गेलेला नको असतो. ‘मार थांबावा, मुलं माझ्याकडे राहावीत, माझे दागिने परत मिळावेत,’ बहुतेकींचं मागणं एवढंच असतं. २००६ मध्ये लागू झालेला कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायदा त्यासाठीच आहे. संरक्षण आदेश, पोटगी, मुलांचा ताबा, स्त्रीधन, नुकसानभरपाई हे सगळं एकाच अर्जात मागता येतं. संरक्षण अधिकाऱ्याने अर्ज भरून द्यायचा असतो. आदेश मोडला तर एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. अर्ज शक्यतो ६० दिवसांत निकाली काढावा असं कायदा म्हणतो. प्रत्यक्षात तारखांवर तारखा पडतात. म्हणून पहिल्याच तारखेला अंतरिम आदेश मागायचा.

६. समेट झाला म्हणजे हिंसा थांबली असं नाही. चार वडीलधारी बसतात, दोघांनाही समजावतात आणि ‘नांदायला पाठवा’ म्हणून मोकळे होतात. मार खाणारी आणि मारणारा यांना सारखंच समजावणं हा अन्याय आहे. तिला स्वतःला परत जायचं असेल तर अटी लेखी हव्यात, महिन्या-दोन महिन्यांनी भेट घेणारं माणूस ठरलेलं हवं, आणि पुन्हा हात उगारला तर कायद्याची वाट मोकळी हवी. बलात्काराच्या बाबतीत तर बैठक, माफी, लग्न असल्या तोडग्यांचं नावही काढू नये.

७. लैंगिक अत्याचारात पहिला दिवस मोलाचा. अंघोळ आणि कपडे धुणं टाळून थेट रुग्णालयात जावं. तपासणीसाठी आधी एफआयआर लागत नाही. सरकारी असो वा खासगी, कुठल्याही रुग्णालयाने मोफत उपचार करायचेच आहेत. ‘टू फिंगर टेस्ट’वर सर्वोच्च न्यायालयाची बंदी आहे. जबाब महिला अधिकाऱ्याने, पीडितेला सोयीच्या ठिकाणी घ्यायचा असतो. पूर्वी असं नव्हतं. १९७२ मध्ये देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर पोलिसांनी अत्याचार केला आणि तिने प्रतिकार केल्याच्या खुणा नाहीत म्हणून १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आरोपींना सोडलं. मथुरा प्रकरण म्हणून देश ते ओळखतो. त्या निकालाविरुद्ध बायका रस्त्यावर उतरल्या, म्हणून १९८३ मध्ये कायदा बदलला. आज मिळणारे हक्क असे लढून मिळालेले आहेत.

८. तारखेला कुणीतरी सोबत हवं. खटले पुराव्याअभावी पडतात, तसे बाई थकल्यामुळेही पडतात. रोज बुडतो, एसटीचं भाडं लागतं, कोर्टाच्या आवारात सासरची माणसं धमकावतात. उत्पन्न कितीही असो, स्त्रीला जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो. बलात्कार आणि ॲसिड हल्ल्यातील पीडितांना ‘मनोधैर्य’ योजनेतून अर्थसाहाय्य मिळतं. तो अर्जही तिथेच करायचा. यापलीकडे दिवसभर शेजारी बसणारं एक माणूस लागतं. ते काम बचत गटातली मैत्रीणही करू शकते.

९. हिंसा रोखायची तर शेजाऱ्याने दार वाजवावं. ‘त्यांच्या घरातलं आहे’ म्हणून टीव्हीचा आवाज वाढवणारी वस्तीच मारणाऱ्याला बळ देते. हिंसेची खबर संरक्षण अधिकाऱ्याला कुणीही देऊ शकतं आणि ती चांगल्या हेतूने दिली असेल तर खबर देणाऱ्यावर कारवाई होत नाही. घरातल्या मुलग्यांना बहिणीवर हात उगारू देऊ नका. आईचा अपमान त्यांच्यासमोर होऊ देऊ नका.

शेवटी आईवडिलांना हात जोडून सांगते. ‘दिल्या घरी सुखी राहा’ म्हणताना, त्रास झाला तर हे घरही तुझंच आहे, हेही मुलीला लग्नाआधी स्पष्ट सांगा. आणि कुणीही बाई तुमच्यापाशी मन मोकळं करेल तेव्हा शंका घेऊ नका, सल्ल्याची घाई करू नका. तिचं ऐका, ११२ किंवा १८१ लावून द्या आणि तिच्याबरोबर चला.