इतिहास-पाठ : नाईक यशवंत घाडगे
(इयत्ता सातवीसाठी)



१० जुलै हा नाईक यशवंत घाडगे यांचा स्मृतिदिन होय. त्या दिवशी इतिहासाची एक तासिका या पाठास द्यावी.

तेव्हाच्या कुलाबा, आताच्या रायगड जिल्ह्यातील माणगाव तालुक्यात पळसगाव-आमडोशी येथे १९२१ साली त्यांचा जन्म झाला. पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या तिसऱ्या पलटणीत ते नाईक, म्हणजे एका लहान तुकडीचे प्रमुख होते. १९४४ मध्ये ही पलटण इटलीत टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात जर्मन सैन्याशी लढत होती. नकाशावर प्रथम रोम दाखवावे आणि नदीच्या काठाकाठाने बोट उत्तरेकडे न्यावे.

त्या दिवशी मशिनगनच्या जवळून झालेल्या माऱ्यात घाडगे यांच्या तुकडीतील सर्व जवान ठार वा जखमी झाले. एकटे घाडगे उरले. त्यांनी धावत जाऊन हातबाँबने ती मशिनगन निकामी केली व एका शत्रुसैनिकास टॉमीगनने टिपले. पुन्हा गोळ्या भरण्यास उसंत नव्हती. बंदूक नळीकडून धरून तिच्या घावांनी त्यांनी उरलेल्या दोघांस मारले. इतक्यात दडून बसलेल्या नेमबाजांच्या गोळ्यांनी ते कोसळले. वय अवघे बावीस. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस देण्यात आला. त्यांची समाधी कोठेही नाही. इटलीतील कासिनो येथे, ज्यांच्या कबरी ज्ञात नाहीत अशांच्या स्मारकावर त्यांचे नाव कोरले आहे.

हा प्रसंग रंगवून सांगण्याचा मोह आवरावा. मुले टाळ्या पिटतील, पण पडलेली सारी तुकडी विसरतील.

आपल्या जिल्ह्यातील चाणाक्ष मूल एक प्रश्न हमखास विचारील. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे व श्रीकिसन सारडा यांना ज्या सरकारने १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यास फाशी दिले, त्याच सरकारच्या सैन्यात घाडगे कसे? हा प्रश्न टाळू नये. पाठाचा गाभाच तो आहे. १९३९ मध्ये व्हाइसरॉयने भारतीय पुढाऱ्यांस न विचारता देशास युद्धात ओढले, हे स्पष्ट सांगावे. सुमारे पंचवीस लाख भारतीय त्या सैन्यात होते व भरती सक्तीची नव्हती. कोणी पगारासाठी गेला, कोणी घराण्याच्या रीतीने, हेही सांगावे. समोरचा शत्रू हिटलरचा होता, हेही विसरू नये. मात्र घाडगे यांच्या तोंडी आपल्या पदरची भाषणे घालू नयेत. सोलापूरच्या चौघांस आपण हुतात्मे म्हणतो. घाडगे यांस कोणता शब्द लावावा, हे वर्गास बोलू द्यावे. मुलांची मते भिन्न पडली तर पडू द्यावीत.

इटलीतील माँतोने गावी २०२३ साली घाडगे यांचे स्मारक उभारले गेले. ते छायाघटिकेच्या रूपात आहे. यावरून भूगोलाचा एक प्रयोग सहज होतो. आभाळ निरभ्र असल्यास दुपारी साडेबाराच्या सुमारास अंगणात एक मीटर उंचीची काठी सरळ रोवावी. जुलैच्या त्या दिवसांत आपल्याकडे तिची सावली जेमतेम आठ सेंटिमीटर, आणि तीही दक्षिणेस पडते. माँतोने येथे मध्यान्ही तेवढ्याच काठीची सावली उत्तरेस पडते व ती सुमारे एकोणचाळीस सेंटिमीटर भरते. दोन्ही सावल्या खडूने जमिनीवर आखाव्यात.