ब्रह्मगिरी जवळ आहे, सोपा नाही

केदारनाथला निघालेला माणूस महिनाभर आधी चालायला लागतो, डॉक्टरांकडे जाऊन येतो. ब्रह्मगिरीला निघालेला माणूस आदल्या रात्री बूट शोधतो. सानपाड्याहून पहाटे निघालं की कसारा घाट, घोटी करत नाश्त्याच्या सुमारास त्र्यंबक. त्यामुळे ब्रह्मगिरीवरचा गोदावरीचा उगम म्हणजे जुईनगरच्या पुढचं स्टेशन, असा आमच्या सोसायटीत समज. आपण खाडीकाठची माणसं, लिफ्ट बंद पडली तर चौथ्या मजल्यापर्यंत दोनदा थांबणारी. ब्रह्मगिरी 1,295 मीटर उंच आहे, आणि त्र्यंबक गावातूनच पाचशे मीटरहून जास्त चढावं लागतं.

एका श्रावणी सोमवारी शेजारीपाजारी मिळून गेलो होतो. बरोबर सत्तरीकडे झुकलेले एक काका, मधुमेही. सकाळची साखरेची गोळी त्यांनी घेतली (“गोळीनं उपास मोडतो का?”), पण साबुदाण्याची खिचडी मात्र वर उगमापाशी, मूळगंगेचं दर्शन झाल्यावरच. कातळात खोदलेल्या पायऱ्या, दहा पावलांपलीकडे नुसतं धुकं. काका रेलिंग धरून थांबले. रेनकोटाच्या आत बनियन घामानं चिंब, बोटं थरथरत होती, आणि एरवी अघळपघळ बोलणारा माणूस विचारलं एक तर सांगत होता भलतंच. चढाचा दम असेल, असं सगळ्यांचं मत पडलं. कोणी ‘हर हर महादेव’ म्हणून धीरही दिला. त्यांच्या सूनबाईंनी मात्र ओळखलं, रक्तातली साखर उतरली होती. सरबतवाल्याला म्हणाल्या, “दादा, लिंबू नको, मीठ नको, पाण्यात तीन चमचे साखर तेवढी घाला.” पंधरा-वीस मिनिटांत काका ताळ्यावर आले आणि आपण थांबलोय का, म्हणून आमच्यावरच डाफरले.

मधुमेह असेल आणि उपास करायचाच असेल, तर त्या दिवशी गोळी किंवा इन्सुलिन किती घ्यायचं, घ्यायचं की नाही, हे डॉक्टरांना आधी विचारा. काही गोळ्यांचा असर तासन्‌तास राहतो. साखरपाण्यानं माणूस सावरला तरी पुन्हा ढासळू शकतो. म्हणून नंतर पोटात काही जायलाच हवं, केळं, राजगिऱ्याचा लाडू, काहीही. शुद्ध हरपली असेल तर तोंडात पाणीसुद्धा घालू नका. आणि साखर, गोळ्या खिशात ठेवा. हातात पिशवी दिसली की तिथली माकडं ओढतातच.

काकांना आम्ही खाली आणलं. ते दोन दिवस रुसले होते, उगमाच्या दारातून परत आणलं म्हणून. पण हा रुसवा मला पटत नाही. गोदावरी वर मूळगंगेपाशी प्रकटते, गुप्त होते, डोंगराच्या अंगाला गंगाद्वारी दिसते, पुन्हा लुप्त होते, आणि गावात कुशावर्तावर गौतम ऋषी दर्भानं तिला अडवतात, अशी कथा. परंपरेनंच तीन ठिकाणं दिली आहेत. गुडघे धड असणाऱ्यांनी वर जावं, ज्यांना जेमतेम जमतं त्यांनी गंगाद्वाराच्या सातशेच्या आसपास पायऱ्या चढाव्यात, बाकीच्यांनी कुशावर्तात स्नान करून त्र्यंबकराजाचं दर्शन घ्यावं. सिंहस्थात त्र्यंबकला येणारे आखाड्यांचे साधू स्नान करतात तेही कुशावर्तातच; त्यांना कोणी वर पिटाळत नाही. कोण कुठे थांबणार हे सानपाडा सोडण्याआधीच ठरवा. पायऱ्यांवर उभं राहून ठरवायला गेलं की भिडेपोटी सगळेच वर जातात.

तिसऱ्या श्रावणी सोमवारी तर ज्येष्ठांना नेऊच नका. रविवारी रात्रीपासून ब्रह्मगिरीची फेरी सुरू होते, प्रयागतीर्थ, पहिने करत जवळपास वीस किलोमीटर, आणि खासगी गाड्या गावाबाहेरच अडवतात. दिवाळीनंतर जा. पायऱ्या कोरड्या असतात, हवा स्वच्छ असते, आणि वरून वैतरणेचं खोरंही दिसतं. ती निघते याच डोंगरातून, पण पश्चिमेला वळते आणि मुंबईच्या नळाला येते.

आणखी एक. 108 ची रुग्णवाहिका येते ती पायथ्यापर्यंत. तिथवर माणूस उतरवायचा तो बरोबरच्यांनीच. तेव्हा गटात दोन-तीन धडधाकट तरुण असल्याशिवाय म्हाताऱ्या माणसांना घेऊन चढू नका.