ट्रॉलीवरच्या यंत्राला घरातून लाईट देताय? आधी हिरवी वायर बघा



हळदीचा आणि बेदाण्याचा हंगाम चालू आहे. हळद पॉलिश करायचा ड्रम, बेदाण्याची चाळणी, धान्य साफ करायचं यंत्र, कडबाकुट्टी अशी बरीच यंत्रं आता ट्रॉलीवर बसवलेली असतात. आज एका वस्तीवर, उद्या दुसऱ्या. ट्रॉली घराजवळ किंवा शेडजवळ लावायची, केबल ओढायची आणि घरच्या बोर्डातून मोटर चालू करायची. काम झटपट होतं. पण बहुतेक वेळा केबलमधून फेज आणि न्यूट्रल एवढंच येतं. अर्थिंग घरातच राहतं.

मेसेज मोठा आहे. वेळ नसेल तर निदान एवढं वाचा:

✅ घरातून ट्रॉलीपर्यंत हिरवी अर्थ वायर त्याच केबलमधून आली पाहिजे आणि ट्रॉलीच्या लोखंडी चासीला नटबोल्टने घट्ट बसली पाहिजे.
✅ केबल जिथून निघते तिथे ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी पाहिजे. नुसता एमसीबी पुरत नाही.
✅ घराचा अर्थिंगचा खड्डा जिवंत पाहिजे. उन्हाळ्यात त्याला पाणी घाला.

आता यामागचं कारण समजून घेऊ.

*१) ट्रॉली जमिनीवर उभी असते, पण जमिनीला जोडलेली नसते*

ट्रॉली रबरी टायरवर उभी असते. मोटरचं वायंडिंग जळालं, केबल पत्र्याच्या कडेला घासली किंवा स्टार्टरमध्ये ओल गेली, की फेज लोखंडाला लागतो. टायरमधून करंट जमिनीत जात नाही, त्यामुळे मोटर चालूच राहते आणि काही बिघडलंय हे कुणाला कळतही नाही. पण चासी, ड्रम, शिडी, जोडलेला असेल तर ट्रॅक्टरसुद्धा, सगळ्यावर २३० व्होल्ट येऊन बसतात. मग जमिनीवर उभा असलेला माणूस हात लावतो आणि करंटला जमिनीकडे जायची वाट त्याच्या अंगातून मिळते.

ओल्या अंगाचा विरोध साधारण १००० ओहम धरला, तर २३० भागिले १००० म्हणजे ०.२३ अँपिअर, म्हणजेच २३० मिलिअँपिअर. साधारण १० मिलिअँपिअरच्या पुढे हात आखडतो आणि पकडलेली वस्तू सोडता येत नाही. ५० मिलिअँपिअर सेकंदभर छातीतून गेला तरी हृदयाचे ठोके बिघडू शकतात. हळद धुवायच्या, शिजवायच्या ठिकाणी पाणी सांडलेलं असतं, बायामाणसं अनवाणी असतात. बेदाण्यासाठी द्राक्षं पोटॅशियम कार्बोनेटच्या द्रावणात बुडवतात, त्याने भिजलेल्या हातातून करंट आणखी सहज जातो.

*२) नुसता एमसीबी माणूस का वाचवत नाही*

“आमच्याकडे एमसीबी आहे, शॉक लागला तर तो पडेल,” असं बरेच जण धरून चालतात. १६ अँपिअरचा एमसीबी १६ अँपिअरच्या पुढे गेल्यावर विचार सुरू करतो. माणसाच्या अंगातून जाणारा पाव अँपिअर त्याला जाणवतही नाही. एमसीबी केबल जळू नये म्हणून असतो.

बरं, अर्थिंग असेल तर? आपल्याकडे बहुतेक घरांना महावितरणच्या खांबावरून फेज आणि न्यूट्रल अशा दोनच वायरी येतात. हिरवी वायर खांबावरून येत नाही, ती आपल्याच घराजवळच्या खड्ड्यातून येते. म्हणजे फॉल्टचा करंट आपल्या खड्ड्यातून मातीत उतरतो आणि मातीतूनच डीपीच्या अर्थिंगकडे परत जातो. खड्ड्याचा विरोध २० ओहम धरला तर २३० भागिले २० म्हणजे साडेअकरा अँपिअर. १६ चा एमसीबी पडणारच नाही. खड्डा चांगला, १० ओहमचा असला तरी करंट २३ अँपिअर. तेवढ्यावर १६ चा एमसीबी पडायला बराच वेळ घेतो, कधी कधी तासाच्या आसपास. तोपर्यंत चासी धोक्याचीच.

*३) आरसीसीबी काय करतो*

आरसीसीबी फेजमधून गेलेला आणि न्यूट्रलमधून परत आलेला करंट सतत ताडून बघतो. दोन्हींत ३० मिलिअँपिअरचा फरक पडला की करंट दुसऱ्याच वाटेने चाललाय हे धरून लाईन तोडतो. वर सांगितलेला साडेअकरा अँपिअरचा फॉल्ट आला तर डोळ्याची पापणी लवायच्या आत तोडतो. खड्ड्याचा विरोध २०० ओहम झाला तरी करंट एक अँपिअरच्या वर जातो, म्हणजे आरसीसीबीला पुरून उरतो.

मग आरसीसीबी असताना हिरवी वायर कशाला? हिरवी वायर नसेल तर आरसीसीबी तेव्हाच पडतो जेव्हा कुणीतरी हात लावतो. माणूस बहुधा वाचतो, पण झटका बसतो, शिडीवरून किंवा चालत्या ड्रमवर पडू शकतो. हिरवी वायर असेल तर फेज लोखंडाला लागला त्याच क्षणी लाईन जाते, कुणी हात लावायच्या आधी. म्हणून दोन्ही पाहिजेत. आरसीसीबी आहे म्हणून एमसीबी काढू नका. ओव्हरलोडचं काम त्याचंच आहे. आरसीसीबी ट्रॉलीवर नको, घराच्या किंवा शेडच्या बोर्डावर बसवा, म्हणजे मधली केबलही त्याच्या राखणीत येते.

*४) हंगाम आणि माती*

हळदीचं काम फेब्रुवारी-मार्चमध्ये जोरात असतं आणि नेमकी तेव्हाच जमीन सुकत असते. कृष्णाकाठच्या काळ्या जमिनीला भेगा पडतात, माती पाईपपासून सुटते. माण, खटाव, आटपाडी, जतकडच्या कोरड्या मुरमात विरोध आधीच जास्त. दिवाळीत ठीक असलेला खड्डा मार्चमध्ये निकामी झालेला असू शकतो. म्हणून आठवड्यातून एक-दोनदा खड्ड्यात पाणी घाला. नवा खड्डा करणार असाल तर भारतीय मानक आय.एस. ३०४३ प्रमाणे पाईपचं अर्थिंग म्हणजे निदान अडीच मीटर लांबीचा गॅल्व्हनाइज्ड पाईप. हातभर सळई ठोकून अर्थिंग होत नाही.

खड्डा खराब असेल तर आणखी एक धोका आहे. घरातल्या फ्रिजचा किंवा गिझरचा फॉल्ट त्याच हिरव्या वायरीने ट्रॉलीवर येऊ शकतो. म्हणून ट्रॉलीला अर्थ देण्याआधी घरचं अर्थिंग परवानाधारक वायरमनकडून टेस्टर लावून मोजून घ्या.

*५) जोडणी कशी करायची*

🔹 सिंगल फेजला तीन कोरची केबल. थ्री फेज मोटरला चार कोरची, न्यूट्रल लागत असेल तर पाच कोरची. हिरवा कोर फक्त अर्थसाठी.
🔹 चासीवर एक जागा कायमची ठरवा. रंग आणि गंज खरवडून लग आणि नटबोल्टने हिरवी वायर बसवा. तिथून मोटरची बॉडी, स्टार्टरची पेटी आणि ड्रमचा सांगाडा जोडून घ्या.
🔹 प्लग १६ अँपिअरचा थ्री-पिन. जाड, लांब पिन अर्थची असते. ती लांब असते कारण प्लग घालताना अर्थ आधी जोडला जावा. ती कापू नका, टू-पिनचा जोड लावू नका.
🔹 मधे पिळून टेप मारलेला जोड नको. केबल चाकाखाली, पाण्यात, पत्र्याच्या कडेवर नको.
🔹 आधी ट्रॉलीकडची बाजू जोडा, मग घरचा प्लग घाला, मग स्विच. काढताना उलट क्रम.
🔹 काम सुरू करण्याआधी आरसीसीबीचं टेस्ट बटण दाबा. पडला पाहिजे. पण लक्षात ठेवा, बटणाने आरसीसीबी तपासला जातो, अर्थिंग तपासलं जात नाही.

*६) सभासदांना पडणाऱ्या शंका*

❓ *ट्रॉलीशेजारी खुंटी ठोकून वायर बांधली तर चालेल का?*
जोडीला असेल तर हरकत नाही, पण हिरव्या वायरीच्या बदली नको. उथळ खुंटीचा विरोध कोरड्या जमिनीत शेकडो ओहम असू शकतो, आणि ट्रॉली हलवताना ती सुटते ती पुन्हा लावली जात नाही. आरसीसीबी नसेल तर खुंटीचा जवळजवळ काहीच उपयोग नाही.

❓ *ट्रॉलीला साखळी लोंबते, जॅक जमिनीवर टेकलाय. तेच अर्थिंग नाही का?*
नाही. दगडावर किंवा धुळीवर टेकलेलं लोखंड म्हणजे अर्थिंग नव्हे.

❓ *हिरवी वायर नाही, म्हणून न्यूट्रलच बॉडीला जोडला तर?*
अजिबात नको. न्यूट्रल कुठे तुटला किंवा फेज-न्यूट्रल उलटे झाले की पूर्ण बॉडीवर फेज येतो. तसंच न्यूट्रल नाही म्हणून जमिनीतल्या खुंटीवर मोटर किंवा बल्ब चालवणंही जीवघेणं आहे.

❓ *आरसीसीबी सारखा पडतो, काढून टाकू का?*
तो पडतोय म्हणजे कुठेतरी लिकेज आहे. मोटर ओली आहे, केबल सोललीय किंवा पुढे न्यूट्रल-अर्थ एकत्र आलेत. दोष शोधा, आरसीसीबी ठेवा.

❓ *टेस्टर लावला, बॉडीवर दिवा लागत नाही. मग सगळं ठीक ना?*
आत्ता या क्षणी बॉडीवर फेज नाही, इतकंच. थोड्या वेळाने केबल घासली तर काय, ते टेस्टर सांगत नाही.

❓ *आकडा टाकून दोन तास काम उरकलं तर?*
आकड्यावर आरसीसीबी नाही, एमसीबी नाही, अर्थ नाही. शिवाय वीज कायदा २००३ च्या कलम १३५ प्रमाणे ती वीजचोरी आहे.

*७) कुणाला शॉक लागलाच तर*

⚠️ त्याला हात लावू नका. आधी मेन स्विच बंद करा. स्विच लांब असेल तर कोरड्या लाकडाने किंवा बांबूने केबल बाजूला सारा, स्वतः कोरड्या जागी उभे राहा. १०८ ला फोन करा. श्वास चालत नसेल तर छातीच्या मध्यभागी दोन्ही हातांनी जोरात, मिनिटाला १०० ते १२० वेळा दाब देत राहा, मदत येईपर्यंत थांबू नका. माणूस उठून बसला तरी दवाखान्यात न्याच. खांबावरची तार तुटली असेल तर जवळ जाऊ नका, महावितरणला १९१२ वर कळवा.

*शेवटचं*

यंत्र भाड्याने आणत असाल तर भाडं ठरवतानाच विचारा: केबल तीन कोरची आहे का, चासीला हिरवी वायर आहे का. यंत्र तुमचं असेल आणि दुसऱ्याच्या वस्तीवर नेत असाल तर तिथलं अर्थिंग आणि आरसीसीबी बघितल्याशिवाय प्लग घालू नका. ट्रॉलीला टेकून उभी राहणारी माणसं मजूर असतात, घरची पोरं असतात. त्यांना केबलमध्ये किती वायरी आहेत हे माहीत नसतं. ते बघायचं काम आपलं.

हा मेसेज जपून ठेवा आणि यंत्र चालवणाऱ्या माणसाला वाचून दाखवा. 🙏